शिंगाचं इंग्रजी गोत

इंग्रजी भाषेत शिंगाचं गोत किती मोठं आहे हे एके काळी मला तोंडपाठ होतं. हॉर्न म्हणजे शिंग, हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी, हॉर्नबिल म्हणजे धनेश पक्षी, असा तो पाढा सुरू व्हायचा आणि पंचविसाव्या शब्दावर संपायचा. पुढे जन्मभर मी इंग्रजी शिकवूनच पोट भरलं, पण या पाढ्याचा मला खरा उपयोग एकदाच झाला, आणि तोही एका बाईचा जीव दुखवायला. आमच्या गोतावळ्यातली पोरं लग्नाकार्यात जमली की "आजी, ती पळीची गोष्ट सांग" म्हणून मागे लागतात. मीही सांगते. आत्याची नक्कल मला बरी जमते, पोरं पोट धरून हसतात आणि मग कुणीतरी जेवायला हाक मारतं. शेवटचा भाग मी नेहमीच गाळत आले. पंगत खोळंबलेली असताना तो सांगण्यासारखा नाही. लिहिताना मात्र पंगत खोळंबलेली नसते, त्यामुळे इथे पळवाट नाही.

आमचं घर गावाच्या अगदी टोकाला होतं. त्याच्यापुढे माडांची वाडी, वाडीपुढे खाऱ्या चिखलाचं खाजण, खाजणापुढे खाडी आणि उजव्या हाताला दूरवर हरेश्वराचा डोंगर. घरात माणसं दोन, आत्या आणि मी, आणि गोठ्यात एक म्हैस. आई मी चार वर्षांची असतानाच गेली होती. बाबा मालवाहू आगबोटीवर खलाशी होते, म्हणजे ते कुठे आहेत हे आम्हाला कधीच ठाऊक नसायचं. आत्या त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन दोन वर्षांतच कपाळ पांढरं झालं म्हणून माहेरी परतलेली, आणि परतली ती या घराची दोन्ही दारं आणि तिन्ही चुली सांभाळायलाच जणू. बोलणं कमी, पण बोलली की समोरच्याला उत्तर सुचू नये असं. तिचे नियमही तसेच. त्यातला पहिला नियम असा की चामडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बाबा सुट्टीवर आले की त्यांचा कमरेचा पट्टा ओटीवरच्या खुंटीला टांगलेला असे आणि बाबा घरात एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने जेवत. मला वाटायचं की बोटीवरची सगळीच माणसं अशी जेवतात.

दोन माणसांच्या घरात आवाज फार ऐकू येतात. म्हशीच्या रवंथीचा, झावळ्या एकमेकींवर घासल्याचा, मडक्यातून वाल भिजताना उठणाऱ्या बुडबुड्यांचासुद्धा. आणि पावसाळा सोडून बाकीचे दिवस बोटीचा भोंगा. मुंबईहून येणारी बोट बंदरापासून लांब, खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं उतरवून घेत. उभं राहण्याआधी ती भोंगा द्यायची, आणि तो वाऱ्यावर बसून आमच्या ओटीपर्यंत यायचा. भोंगा झाला की आत्या हातातलं काम थांबवी. दळत असली तर जात्याचा खुंटा धरून तशीच बसे. भोंगा विरला की पुन्हा जातं सुरू. देवळातल्या घंटेला लोक हात जोडतात तसं काहीतरी हे असेल अशी माझी समजूत होती. माझ्या समजुती तेव्हा पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या बहुतेक अशाच तरतरीत असत.

बाबा शेवटचे गेले तेव्हाचं एक मला स्पष्ट आठवतं. ओटीवर त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान पालथं टाकलं आणि मला म्हणाले, "उभी राहा यावर." मी उभी राहिले. खिशातली पेन्सिल काढून ते माझ्या पावलाभोवती रेघ ओढायला लागले. टाचेपर्यंत मी धीर धरला, पण पेन्सिल तळव्याच्या कडेला आली तशी इतक्या गुदगुल्या झाल्या की मी पाय झाडला आणि अंगठ्यापाशी रेघ भलतीकडेच गेली. कागदावर माझा अंगठा बेडकीएवढा दिसत होता. बाबा म्हणाले, "राहू दे, पोरीचा अंगठा मोठा असला तर काही बिघडत नाही," आणि कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी हसत होते.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी, होळीच्या सुमाराला, शेजारच्या गावातले हसनचाचा ओटीवर आले. तेही बोटीवरचे. काखेत पांढऱ्या कापडात शिवलेलं एक गाठोडं होतं. "रघूनं दिलंय, बाय," बाबांचं नाव घेऊन ते आत्याला म्हणाले, "कुठल्याशा बंदरात भेटला व्हता. बाकीचा सामान मी सोता घेऊन येतो म्हणाला." आत्याने त्यांना गूळपाणी दिलं, चार प्रश्न विचारले. तब्येत बरी आहे का, जेवतो का, दाढी वाढवलीय का, आणि कधी येतो. पहिल्या तिन्हींना चाचांनी होय म्हटलं. चौथ्याला ते म्हणाले, "बोलला तर व्हता येतो म्हणून."

गाठोड्यात चिठ्ठी नव्हती. एक वासाचा साबण, पत्र्याच्या डब्यात रंगीत गोळ्या, आत्यासाठी एक लोकरीची शाल, जी आमच्या हवेत पांघरली तर माणूस वाफेवर शिजेल, आणि सगळ्यात खाली, शालीच्या घडीत, ती वस्तू. वीतभर लांब, मधाच्या रंगाची, उजेडात धरली तर आरपार तांबूस दिसणारी. एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला पसरट, आणि मधे पन्हाळीसारखी खोलगट. हाताला गुळगुळीत. आत्याने ती बराच वेळ उलटीसुलटी केली, नखाने वाजवून पाहिली, नाकाला लावली. मग म्हणाली, "भात वाढायची पळी हाय. विलायतेत असंच असतंय." तिला विलायतेचं कितपत ठाऊक होतं हे विचारण्याची माझी काय टाप होती.

आणि खरं सांगायचं तर भात वाढायला ती वस्तू खरोखर सुरेख होती. तिचा पसरट भाग भातात शिरला की शीत मोडत नसे. खोलगट भागात बरोबर एक मूद बसे, आणि उलटी केली की मूद पानावर अलगद उतरे. आत्या तिला "रघूची पळी" म्हणायची. जेवण झालं की राखेने घासून, धुऊन, पदराने पुसून ती चुलीवरच्या फळीवर उभी करून ठेवायची. सोमवारी ती हरेश्वराचा उपास करी, आणि संध्याकाळी उपास सोडताना नैवेद्याचा भातही त्याच पळीने वाढे. नैवेद्याच्या पानावर वालाचं बिरडं, भात, वर साजूक तूप, आणि मग आमची दोन पानं. ऊन भातात ती पळी गेली की एक बारीकसा वास यायचा. वाईट नाही, पण भाताचा नव्हे. मला वाटायचं तो वास परदेशाचा आहे. घरात बाबांची खबर नव्हती, पत्र नव्हतं, पण रोज दोन वेळा ती पळी आमच्या दोघींच्या पानांवरून फिरत होती, आणि दर जेवणाला आत्या एकदा तरी म्हणायची, "ध्यान ठेवलं गं त्यानं माझं."

त्याच वर्षी मी आठवीत गेले. तेव्हा इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं, आणि आठवीसाठी तालुक्याच्या गावी चालत जावं लागायचं, पाऊण तास वाडीवाडीतून. गावातल्या माझ्या बरोबरीच्या मुलींची शाळा सातवीलाच संपली होती. तालुक्याच्या मुली होत्या चार. त्यांच्या पायांत चपला असत, डब्यात पोळी असे आणि त्या एकमेकींच्या गळ्यात हात घालून हिंडत. माझ्या फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. सुकटीचा वास माझ्या आधी वर्गात पोचायचा. पहिल्या आठवड्यात त्यातल्या एकीने नाकाला पदर लावला, तो तिने वर्षभर खाली घेतला नाही. मग मी मधल्या सुट्टीत एकटी व्हरांड्याच्या टोकाला बसून जेवायची. "हाय"चं "आहे" आणि "न्हाय"चं "नाही" करायला मी तिथेच शिकले, कारण बोलायला कुणी नसलं की माणूस स्वतःशी शुद्ध बोलू लागतो. घरी आत्या चिडवायची, "आली गं बामनीण."

आमचे इंग्रजीचे लेले मास्तर पांढऱ्या धोतराखाली काळे बूट घालणारे एकमेव गृहस्थ होते. ते म्हणायचे की शब्द एकटा लक्षात राहत नाही, त्याला त्याच्या घरच्या माणसांत पाहायला हवं. म्हणून प्रत्येकाने एकेक शब्द घ्यायचा आणि त्याचं गोत गोळा करायचं, निदान पंचवीस. कुणी वॉटर घेतला, कुणी हाउस, कुणी किंग. मी हॉर्न घेतला. मास्तरांनी विचारलं, "शिंगच का?" मी म्हटलं, "सोपा आहे म्हणून." खरं कारण असं की शाळेतून आल्यावर मी जिच्याशी मनातलं बोलत असे ती आमची म्हैस होती, आणि बोलताना तिचं शिंग धरून उभी राहत असे. हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मास्तरांच्या कपाटात एक चित्रांचा इंग्रजी कोश होता. मधल्या सुट्टीत मला तो बघायला मिळे, कारण मधल्या सुट्टीत दुसरं काही करायला नसलेली मी एकटीच होते. किती नातेवाईक सापडले म्हणून सांगू! ग्रीनहॉर्न म्हणजे नवखा, ज्याची शिंगं अजून कोवळी आहेत असा. हे वाचून मी आरशात पाहिल्यासारखी दचकले. इंकहॉर्न म्हणजे शाईची शिंगी, जुने लोक शिंगात शाई ठेवत. पावडरहॉर्न म्हणजे बंदुकीची दारू ठेवायचं शिंग. गोगलगाय डोक्यावरची शिंगं आत ओढून घेते, तशी माणसं भ्यायली की इंग्रजीत शिंगं आत घेतात. वर्गातल्या मुली मला पाहून हसायच्या तेव्हा माझ्याकडे निदान आत घ्यायला शिंगं तरी आहेत, असं मला त्या दिवशी वाटलं. चोवीस शब्द झाले. पंचविसावा सापडेना. कोशाच्या पानापानावर पुन्हा बोट ठेवून शोधताना एका शब्दाशेजारी एक लहानसं चित्र दिसलं, आणि माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. वीतभर लांब, एक टोक अरुंद, दुसरं पसरट, मधे खोलगट. आमची पळी! चित्रकाराने जणू आमच्या चुलीवरची फळी पाहून काढली असावी.

मी कोश घेऊन मास्तरांकडे गेले. "सर, शू-हॉर्न म्हणजे?"

मास्तर खुश झाले. त्यांनी उजवा पाय बुटातून बाहेर काढला, हवेत धरला, आणि दोन बोटांनी टाचेमागे काहीतरी सरकवल्याचा अभिनय केला. "बूट नवा असला की टाच आत जात नाही. मग ही शिंगाची पट्टी मागे लावायची, टाच तिच्यावरून सुळकन आत. म्हणून शू, आणि म्हणून हॉर्न. सापडला ना पंचविसावा? शाब्बास!"

जन्मात मिळालेली माझी पहिली शाबासकी ती. आणि मी तो शब्द वहीत न लिहिताच कोश मिटला.

त्या दिवशी वाटेत मी काय काय विचार केला तो आज लिहायला लाज वाटते, पण विचार असे होते: पहिला, चामडं जिच्या उंबऱ्याच्या आत येत नाही तिच्या चुलीवर होळीपासून जनावराचं शिंग उभं आहे. दुसरा, त्याने हरेश्वराला नैवेद्य वाढला गेला आहे, दर सोमवारी. तिसरा, ते बुटात घालायचं आहे. चौथा, हे जगात फक्त मला माहीत आहे. चौथ्याचंच भय जास्त होतं. घरात इंग्रजी एकट्याला आलं की माणूस घरातल्या घरात परका होतो, हे मी तेव्हा शिकले. पुढे अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडावर तो परकेपणा मी पाहिला, आणि त्यावर कुठल्याही पाठ्यपुस्तकात धडा नाही.

सांगितलं तर आत्या ती वस्तू खाडीत फेकणार, घर शेणाने सारवून काढणार, आणि "ध्यान ठेवलं गं त्यानं माझं" हे वाक्य आमच्या घरातून जाणार. नाही सांगितलं तर दर सोमवारी देवापुढे मी एकटीच चोर. मी पाच दिवस भात खाल्ला नाही. पोट दुखतं म्हटलं आणि भाकरी खाल्ली. भाकरीला पळी लागत नाही. आत्याने पहिल्या दिवशी ओव्याचं पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी पोटाला एरंडेल चोळलं, तिसऱ्या दिवशी नुसतं पाहिलं. सोमवारी नैवेद्य वाढताना मी गोठ्यात जाऊन म्हशीचं शिंग धरून उभी राहिले. म्हशीनेही त्या दिवशी मान फिरवली, असा मला भास झाला.

आता इथे आत्याची एक सवय सांगायला हवी. मी शिकलेलं सगळं दिवेलागणीला तिला मोठ्याने वाचून दाखवायचं असा दंडक होता. तिला अक्षर येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. पण ती पुढ्यात काशाची वाटी घेऊन बसे, आणि मी एक कविता, एक गणित, एक शब्द म्हटला की त्यात एक चिंचोका टाकी. वाटीत टण् वाजे. शेवटी चिंचोके मोजून "आज इतकं आलं" असं म्हणून ती उठे. माझं शिक्षण वाढतंय की नाही हे तिला असं कळायचं. पुढे माझ्या नोकरीत मोठ्या साहेबांनी काढलेल्या तपासणीच्या तऱ्हा मी पाहिल्या. चिंचोक्याहून चोख एकही नव्हती.

शब्दांची यादी मास्तरांना द्यायच्या आदल्या संध्याकाळी आत्या वाटी घेऊन बसली. "म्हण."

"हॉर्न."

टण्. "म्हंजी?"

"शिंग."

"फुडं."

"हॉर्नेट. गांधीलमाशी."

"तिला शिंगं कुठली गं?"

"इंग्रजीत असतात."

टण्. "बरं. फुडं."

"युनिकॉर्न. एकशिंगी घोडा."

"कुठं असतो?"

"कुठेच नसतो. गोष्टीत असतो."

"न्हाय तर नाव कशाला ठिवलं? नाव ठिवायला बारसं लागतं." तरी चिंचोका टाकला. "फुडं."

"अँटलर. सांबराचं शिंग. ते दरवर्षी गळतं आणि पुन्हा येतं."

"आन् म्हशीचं?"

"म्हशीचं गळत नाही. तुटलं तर तुटलं."

"ते मला ठावं हाय. फुडं."

"हॉर्नपाइप. खलाशांचा नाच."

आत्याचा हात वाटीवर थांबला. "आपला रघ्या नाचत आसंल?" ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसून चिंचोका टाकला. "त्याला कमरेचा पट्टा धड सांभाळता येत न्हाय."

"फॉगहॉर्न. धुकं पडलं की बोट वाजवते तो भोंगा."

"कशापायी?"

"दुसऱ्या बोटीला दिसत नाही ना. मी इथे आहे, हे कळावं म्हणून."

हा चिंचोका वाटीत पडायला फार वेळ लागला. मग मी उरलेले शब्द भराभर म्हणून टाकले, वही मिटली आणि उठायला लागले. आत्याने चिंचोके ओंजळीत घेतले, एकेक करून जमिनीवर मांडले.

"चोवीस."

मी वही दप्तरात सारली.

"मास्तरला पंचवीस लागतात म्हनली व्हतीस. एक कुठं गेला?"

"मास्तरांनी खोडला."

"मास्तर शब्द खोडतो व्हय? मग शिकवतो काय?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "पाच दिस भात न्हाय खाल्लास. एक शब्द न्हाय म्हनलास. शाळेत काय झालंय? कुनी हात लावला का? खरं बोल, सुमे."

तिला काय वाटत होतं हे माझ्या ध्यानात आलं तशी मी घाबरून एकदम बोलून गेले, "शाळेत काही नाही झालं. आत्या, ती पळी शिंगाची आहे!"

बाहेर म्हैस रवंथ करत होती. आत्याने चुलीवरच्या फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग?"

"शिंगाची. जनावराच्या."

"मला काय ती सोन्याची वाटली व्हती?" आत्या म्हणाली. "जलम गोठ्यात गेला माझा. म्हशीचं शिंग तुटलं, लोहारानं तापल्या सळईनं डागलं, तवा दावं कुनी धरलं व्हतं? पयल्या दिशी ऊन भातात घातली तवाच वास आला. शिंगाचा वास मला इंग्रजीतनं कळायचा हाय व्हय?"

"आणि नैवेद्य?"

"हरेश्वराच्या पिंडीवर भटजी पानी कशातनं सोडतो? गव्याच्या शिंगातनं. देवाला आंगोळ चालती आन् तुला भात चालत न्हाय? येवढ्यापायी पाच दिस मला एरंडेल चोळाया लावलंस?" आणि ती हसायला लागली. आत्या क्वचित हसायची, पण हसली की खांदे हलायचे. मीही हसायला लागले, रडता रडता. आम्ही दोघी त्या चोवीस चिंचोक्यांच्या भोवती बसून हसत होतो.

पोरांना मी गोष्ट सांगते ती इथे संपते. तिथेच संपवायला हवी होती. मलाही त्या संध्याकाळी थांबता आलं असतं. आत्याने अर्धा भार उतरवला होता, उरलेला अर्धा मी एकटीने जन्मभर वागवला असता तर काही बिघडलं नसतं. पण मी आठवीतली, नुकतीच शाबासकी मिळालेली विदुषी. खरं ते पूर्ण सांगावं असं मला वाटलं. शिवाय इतक्या दिवसांनी कुणाशी तरी हसत होते, ते हसणं लांबवावं असंही वाटलं असेल.

"आत्या, पण ती पळी नाहीच आहे," मी म्हटलं. "ती बुटाची आहे. नवा बूट घालताना टाचेमागे लावायची." आणि मास्तरांसारखा पाय हवेत धरून मी करून दाखवलं.

आत्याचे खांदे हलायचे थांबले.

ती उठली, फळीवरून पळी उचलली, उजेडात धरली. माझ्याकडे तिची पाठ होती. मग हळू म्हणाली, "माझ्यासाठी न्हवती तर."

इतकंच. शिंगाचा विटाळ तिला झाला नव्हता, बुटाचाही त्या क्षणी झाला नव्हता. मी जे मोडलं ते दुसरंच होतं, आणि ते कोशात नव्हतं.

मग ती वळली, आणि तिच्या तोंडावर एक वेगळाच उजेड आला होता. "म्हंजी जोडे हायत," ती म्हणाली. "ह्ये हाय तर जोडे असनारच. त्यानं तुझा पाय काढून नेला व्हता का न्हाय कागदावर? बाकीचा सामान सोता घेऊन येतो म्हनला का न्हाय हसन?" मला पेन्सिल आठवली, तळव्याच्या गुदगुल्या आठवल्या. इतके दिवस शाबासकीच्या ओझ्याखाली मला हे सुचलंच नव्हतं. "तुझ्यासाठी हायत, पोरी. शाळंत घालाया. जोडे आनायचे म्हंजी त्याला यायला लागनार."

तिने ती वस्तू धुतली, पुसली, आणि ओटीवर, बाबांच्या पट्ट्याच्या खुंटीशेजारच्या कोनाड्यात नेऊन ठेवली, उंबऱ्याच्या बाहेर. "जोडे येतोवर हितं." त्या रात्रीपासून भात जुन्या पितळी डावाने वाढला जाऊ लागला. शीतं मोडायची. "ध्यान ठेवलं गं त्यानं माझं" हे ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

त्यानंतर बोटीचा भोंगा झाला की आत्या जात्याचा खुंटा धरून बसे तेव्हा मीही वही खाली ठेवून बसे. आता मला कळलं होतं की ते हात जोडणं नव्हतं. पडाव किनाऱ्याला लागायला आणि माणूस चालत आमच्या वाडीत पोचायला तास लागायचा, तेवढा तास आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशीच्या शिंगांना गेरू लावून झाला की उरलेल्या गेरूत आत्या माझं पाऊल बुडवायची आणि कोनाड्याखाली भिंतीलगतच्या जमिनीवर ठसा उमटवायची. "वाढला," ती दर वर्षी म्हणायची. "त्याचा कागुद जुना झाला. बारकं व्हनार जोडं." चार पाडव्यांचे चार ठसे मला आठवतात. सारवणात ते पुसले जात, पण आत्याला त्यांची मापं पाठ होती.

बाबा आले नाहीत. पुढे हसनचाचांनीच, खाली मान घालून, एवढं सांगितलं की रघू एका बंदरात उतरला तो बोट सुटायच्या वेळी परत चढलाच नाही. तिथेच राहिला असं लोक म्हणतात. का, कुणाजवळ, ते चाचांना ठाऊक नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. आत्याने त्यांना गूळपाणी दिलं. कोनाड्यातली वस्तू तिने हलवली नाही.

मॅट्रिक होऊन मी मुंबईला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. तिथे कवायतीला बूट सक्तीचे होते, पांढरे, कॅनव्हासचे. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ते पिशवीत घालून घरी आणले. का आणले ते मला आजही नीट सांगता येत नाही. ओटीवर पिशवी ठेवली तशी आत्याने आत डोकावून पाहिलं.

"चामड्याचे?"

"कापडाचे आहेत, आत्या."

"मग आत आन." मग थोडी थांबून, "ऱ्हाऊ दे. हितंच बस."

मी ओटीच्या पायरीवर बसले. आत्याने कोनाड्यातून ती मधाच्या रंगाची पट्टी काढली, पदराने पुसली आणि माझ्यापुढे खाली बसली. मी "राहू दे गं" म्हणून पाय मागे घेतला, तर तिने घोटा धरून पुढे ओढला. बूट पायाच्या चवड्यावर चढवला, पट्टी टाचेमागे लावली, आणि दाबलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आठवीतल्या एका पोरीने एकदा पाय हवेत धरून दाखवलं होतं, तेवढंच. टाच सुळकन आत गेली.

आत्या माझ्या पायाकडे पाहत राहिली. मग हातातल्या पट्टीकडे.

"येवढ्यासाठी?" ती म्हणाली. आणि मग, "भाताला बरी व्हती."

ती उठली आणि मागच्या दारी गेली. राखेने घासल्याचा आवाज मला ओटीवर ऐकू येत होता. एकदा घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. मी बूट काढून ठेवले आणि आत गेले. पानं दोनच मांडली होती. चुलीवर बिरडं रटरटत होतं. आत्याने टोपावरचं झाकण काढलं, पळी भातात घातली आणि पहिली मूद माझ्या पानात उतरवली, दुसरी स्वतःच्या. एकही शीत मोडलं नव्हतं. ऊन भातातून तोच तो बारीक वास आला. समुद्राकडून बोटीचा भोंगा झाला, आणि आत्याने हात थांबवला नाही, माझ्या पानावर तूप वाढलं.